स्टाव्हांगर आणि येरेनचा किनारा: सहा दिवसांत काय पाहावे, कुठल्या पुळणीवर जावे आणि शाकाहारी माणसाने काय खावे?

मांडवीकर

नमस्कार. येत्या जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही पाच जण नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील स्टाव्हांगर येथे सहा दिवस मुक्कामाला जाणार आहोत. मी, माझे पती, अकरा वर्षांची मुलगी, ७१ वर्षांचे सासरे आणि ६८ वर्षांच्या सासूबाई असे आम्ही आहोत. नॉर्वे म्हटले की बहुतेक लोक बर्गन, लोफोटेन किंवा मध्यरात्रीचा सूर्य यांचीच चौकशी करतात. आम्ही मात्र स्टाव्हांगर निवडले ते सासऱ्यांमुळे. त्यांनी २७ वर्षे मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मवर ड्रिलिंगचे काम केले. त्या काळात उत्तर समुद्रातील कामाच्या पद्धती, तिथली वादळे आणि तिथे घडलेले अपघात यांविषयी त्यांनी इतके ऐकले आणि वाचले, की तो समुद्र एकदा डोळ्यांनी पाहावा ही त्यांची फार दिवसांची इच्छा आहे.

आमच्या अडचणी अशा आहेत. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे सपाट रस्त्यावर ते अर्धा-पाऊण तास चालतात, परंतु चढण त्यांना झेपत नाही. प्रेकेस्टोलेनच्या कड्याचे छायाचित्र पाहिल्यापासून मुलीने तिथे जाण्याचा ध्यास घेतला आहे, तेव्हा आम्ही दोन गटांत विभागून जावे काय, आणि तसे केल्यास वडीलधाऱ्यांनी त्या दिवशी काय पाहावे, हे कळत नाही. सासूबाई पूर्ण शाकाहारी असून अंडेही खात नाहीत. बाकी आम्ही सारे रत्नागिरीचे, मासळीवर वाढलेले. त्यामुळे एकाच टेबलावर दोघांचीही सोय होईल अशा जेवणाची माहिती हवी आहे. तिसरी गोष्ट किनाऱ्यांची. स्टाव्हांगरच्या दक्षिणेला येरेन नावाचा लांबच लांब वाळूचा किनारा आहे असे वाचले. मुलगी पोहायला शिकली आहे आणि तिला समुद्रात उतरायचे आहे. तिथे उतरता येते काय, आणि मोटार भाड्याने घेतल्यावाचून त्या पुळणींपर्यंत पोहोचता येते काय? ज्यांनी हा भाग स्वतः पाहिला आहे त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सोलाकाठ

मी १४ वर्षांपासून स्टाव्हांगरजवळच्या सोला या गावी राहतो आणि दरवर्षी इकडून तिकडून येणाऱ्या पाहुण्यांना हा भाग दाखवतो. त्या अनुभवावरून पहिली विनंती ही, की सहा दिवसांचा बेत तारखांवर न बांधता वाऱ्यावर बांधावा. येथे जूनमध्ये दिवसाचे तापमान साधारण १५ ते १८ अंश असते, म्हणजे थंडी म्हणावी अशी नाही. परंतु वारा आणि पाऊस मिळून एखादा दिवस पार बदलून टाकतात. कामे दोन गटांत वाटून ठेवावीत, छपराखालची आणि उघड्यावरची. मग रोज सकाळी हवामानाचा अंदाज पाहून त्यातले एक उचलावे. दिवस लांब असल्यामुळे घाई करण्याचे कारण नाही. त्या पंधरवड्यात सूर्य पहाटे सव्वाचारच्या सुमारास उगवतो आणि रात्री पावणेअकराच्या आसपास मावळतो, त्यामुळे पावसाने सकाळ घेतली तरी संध्याकाळचे सहा तास हाती उरतात.

आपल्या सासऱ्यांसाठी बंदरावरील नॉर्वेजियन तेल संग्रहालय हे या प्रवासातील मुख्य ठिकाण ठरावे. ते १९९९ साली उघडले आणि त्याची इमारतच समुद्रातल्या प्लॅटफॉर्मसारखी पाण्यालगत उभी आहे. नॉर्वेच्या समुद्रातील एकोफिस्क हे मोठे तेलक्षेत्र १९६९ च्या अखेरीस सापडले आणि १९७१ साली तेथून उत्पादन सुरू झाले; आपले मुंबई हाय १९७४ साली सापडले आणि १९७६ साली सुरू झाले. म्हणजे सासऱ्यांच्या पिढीने तिकडे जे केले, तेच काम इकडची पिढी जवळजवळ त्याच वर्षांत थंड पाण्यात करत होती, आणि हा समांतर प्रवास त्यांना तिथल्या ड्रिलच्या टोकांपासून प्लॅटफॉर्मच्या प्रतिकृतींपर्यंत प्रत्येक वस्तूत ओळखू येईल. त्याच संग्रहालयात ‘अलेक्झांडर एल. किलंड’ या निवासी प्लॅटफॉर्मच्या दुर्घटनेची माहितीही आहे. २७ मार्च १९८० रोजी तो वादळात उलटला आणि त्यावरील २१२ जणांपैकी १२३ जण मृत्युमुखी पडले. माझ्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ, तेही समुद्रावर काम केलेले, त्या दालनात बराच वेळ कोणाशी न बोलता उभे राहिले होते. म्हणून सांगतो, तेथे त्यांना घाई करू नका. मुलीला कंटाळा आला तर संग्रहालयाच्या शेजारीच तेल उद्योगातील टाकाऊ साहित्यापासून तयार केलेले खेळाचे मैदान आहे, तिथे तिला न्यावे.

संग्रहालयापासून बंदराच्या दुसऱ्या बाजूला जुने स्टाव्हांगर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस बांधलेली, पांढऱ्या रंगाची १७३ लाकडी घरे तेथे जपली आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर ही सारी वस्ती पाडून नवीन इमारती उभारण्याचा विचार होता. नगर-वास्तुविशारद आयनार हेडेन यांनी ती वाचवावी असा आग्रह धरला आणि आज आपण जे पाहतो ते त्या आग्रहाचे फळ आहे. गल्ल्या दगडी आणि किंचित उताराच्या आहेत, परंतु सावकाश चालल्यास सासऱ्यांना जमतील. याच वस्तीत जुन्या कारखान्यात ‘इडिस’ हे डबाबंद मासळीचे आणि छपाईचे संग्रहालय आहे. तेल सापडण्यापूर्वी हे शहर जगले ते डबाबंद मासळीवर. ‘सार्डिन’ म्हणून जगभर विकली जाणारी ती मासळी म्हणजे ब्रिस्लिंग, आपल्या तारलीची थंड पाण्यातली दूरची नातलग. ती धुरावर भाजून तेलात भरली जात असे. ‘इडिस’ हा डब्यावरच्या चिठ्ठीसाठीचा इथल्या बोलीतला शब्द असून जुन्या काळी मुले या रंगीत चिठ्ठ्या गोळा करून एकमेकांशी अदलाबदल करत. ठरावीक दिवशी तेथील भट्टी पेटवून ताजी भाजलेली मासळी चाखायला देतात. जाण्यापूर्वी तो दिवस विचारून घ्यावा. रत्नागिरीच्या माणसाला त्या वासाची ओळख करून द्यावी लागत नाही.

शहराचे कॅथेड्रल सुमारे ११२५ सालचे आहे आणि बंदरापासून अगदी जवळ आहे. नऊशे वर्षांच्या पूर्तीनिमित्त त्याचे मोठे जीर्णोद्धाराचे काम झाले. अर्धा तास पुरे.

प्रेकेस्टोलेनसाठी आपण दोन गट करावेत हेच बरे. ल्यूसेफ्योर्ड या ४२ किलोमीटर लांबीच्या खाडीवर, पाण्यापासून ६०४ मीटर उंचीवर हा सपाट कडा आहे. वाट एका बाजूने चार किलोमीटरची आहे आणि जाऊन-येऊन चार ते पाच तास लागतात. नेपाळमधून आणलेल्या शेर्पा कारागिरांनी बसवलेल्या दगडी पायऱ्यांमुळे ती पूर्वीपेक्षा सोपी झाली असली, तरी गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ती नाही. अकरा वर्षांची मुलगी सहज जाईल; मात्र कड्याला कोठेही कठडा नाही, याची कल्पना तिला आधीच द्यावी आणि वर पोहोचल्यावर तिचा हात सोडू नये. पहाटे लवकर निघावे, म्हणजे वाटेवर गर्दी लागत नाही. पूर्वी तेथे जाताना फेरीबोट लागायची. ३० डिसेंबर २०१९ रोजी समुद्राखालून जाणारा सुमारे १४ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि आता बस तासाभरात पायथ्याशी नेते. हा बोगदा समुद्रसपाटीखाली २९२ मीटरपर्यंत उतरतो. त्याच दिवशी आपण सासऱ्यांना आणि सासूबाईंना घेऊन स्टाव्हांगरच्या धक्क्यावरून ल्यूसेफ्योर्डच्या बोटीत बसावे. सुमारे तीन तासांच्या या फेरीत तोच कडा खालून दिसतो, आणि वर उभी असलेली माणसे ठिपक्यांएवढी दिसतात. माझ्या आईला मी तसेच नेले होते. वर गेलेल्यांपेक्षा आपण अधिक पाहिले, असे ती आजही मनापासून म्हणते, आणि त्या खाडीची उंची खालूनच खरी कळते हे मलाही पटते.

किनाऱ्यांविषयी पुढे सविस्तर लिहीन, कारण त्यात काही गंभीर सूचना आहेत.

पायवाट नाशिक

वरील उत्तराशी मी बहुतांश सहमत आहे, फक्त एका मुद्द्यावर वेगळे मत मांडतो. शहर आणि प्रेकेस्टोलेन यांतच सारे दिवस संपवू नका. आम्ही दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये गेलो होतो आणि मोटार भाड्याने घेऊन येरेनच्या किनाऱ्याने दक्षिणेला एगरसुंडपर्यंत व तिथून पुढे यॉसिंगफ्योर्डपर्यंत गेलो. सगळ्या प्रवासात मनात राहिला तो हा एक दिवस.

बोरे ते ओग्ना असा ४१ किलोमीटरचा रस्ता नॉर्वेच्या निवडक निसर्गमार्गांपैकी एक आहे. नॉर्वे म्हटल्यावर आपण डोंगर आणि कडे यांची अपेक्षा करतो. येरेन मात्र सपाट आहे. हिमयुगाने मागे टाकलेले दगड शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शेतांतून वेचून काढले आणि त्यांचे बांध घातले, ते बांध रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल दिसतात. त्यांच्यापलीकडे गाई, मेंढ्या, बटाट्याची शेते आणि एकदम समुद्र. कोकणातले जांभ्या दगडाचे गडगे ज्याने पाहिले आहेत त्याला हे बांध परके वाटणार नाहीत. या मार्गावर ओब्रेस्टाड हे १८७३ साली उभारलेले दीपगृह आहे, आणि तेथून चालत जाण्याच्या अंतरावर ‘हो’ नावाच्या गावातील जुने धर्मगुरूंचे निवासस्थान आहे, ज्यात आता चित्रप्रदर्शने भरतात. त्याच्या अंगणाशेजारी, समुद्राच्या अगदी काठावर, लोहयुगातील थडग्यांचे उंचवटे आहेत. जमीन सपाट असल्यामुळे आपल्या सासऱ्यांना येथे मोकळेपणाने चालता येईल.

पुढे ब्रुसान्डला रस्त्यालगत काँक्रीटच्या टोकदार ठोकळ्यांच्या रांगा शेतांतून गेलेल्या दिसतात. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांना अडवण्यासाठी जर्मनांनी त्या उभारल्या आणि स्थानिक लोक त्यांना ‘हिटलरचे दात’ म्हणतात. गवतात चरणाऱ्या मेंढ्या आणि मधूनच हे दात, हे दृश्य पाहून आमची मुले बराच वेळ प्रश्न विचारत राहिली.

यॉसिंगफ्योर्ड ही अरुंद, काळवंडलेल्या खडकांची खाडी आहे. तेथे पुढे झुकलेल्या प्रचंड कातळाखाली दोन छोटी लाकडी घरे आहेत, ज्यांत साधारण शंभर वर्षांपूर्वीपर्यंत कुटुंबे राहत होती. वरचा कातळच पाऊस अडवत असल्यामुळे घरांना भक्कम छपराची गरजच पडली नाही. १६ फेब्रुवारी १९४० रोजी याच खाडीत ब्रिटिश आरमाराने ‘आल्टमार्क’ या जर्मन जहाजावर चढाई करून २९९ कैदी सोडवले होते. मोटार त्या लाकडी घरांजवळच थांबवता येते, त्यामुळे वडीलधाऱ्यांना त्रास नाही. स्टाव्हांगरहून पोहोचायला पावणेदोन ते दोन तास लागतात. या एका दिवसासाठी तरी मोटार घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बाकीच्या दिवशी ती नसली तरी चालेल.

फोडणी ओस्लो

माझे आई-वडील शाकाहारी आहेत आणि ते दर दोन वर्षांनी माझ्याकडे येतात. स्टाव्हांगरलाही आम्ही तीन वेळा गेलो आहोत, म्हणून जेवणाच्या भागाचे उत्तर मी देते.

प्रथम मुक्कामाची जागा निवडताना स्वयंपाकघर असलेले घर घ्या. उपाहारगृहातील जेवणावर २५ टक्के कर असतो, दुकानातील अन्नपदार्थांवर १५ टक्के. मूळ दरही अधिक असल्यामुळे पाच जणांनी दोन्ही वेळा बाहेर जेवणे फार महाग पडते. नॉर्वेजियन लोक स्वतःही रोज बाहेर जेवत नाहीत. घरी त्यांचे मुख्य जेवण चार-पाच वाजता होते आणि सहलीला जाताना ते पावाचे तुकडे कागदात बांधून नेतात. आपणही पोळी-भाजी बांधून न्यावी. समुद्रकाठी बसून घरचा डबा खाणे येथे अगदी स्वाभाविक मानतात. रविवारी बहुतेक मोठी किराणा दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारीच सामान भरून ठेवावे. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे.

सासूबाईंसाठी काही पदार्थ लक्षात ठेवा. दुकानात ‘लोम्पे’ नावाच्या बटाटा आणि पिठाच्या मऊ, पातळ पोळ्या पाकिटात मिळतात. बहुधा त्यांत अंडे नसते आणि तव्यावर गरम करून भाजीबरोबर खाल्ल्या, तर माझ्या आईला पोळीची उणीव फारशी जाणवत नाही. ‘रोमेग्रोट’ म्हणजे आंबट सायीत पीठ शिजवून केलेली, वर साखर आणि दालचिनी घातलेली दाट पेज. ‘रीसग्रोट’ म्हणजे दुधात शिजवलेला भात, आपली वेलदोड्याविना खीरच म्हणा. दोन्ही त्यांना चालतील, मात्र रोमेग्रोटबरोबर पुष्कळदा खारवलेले मांस वेगळ्या ताटलीत येते, ते आणू नका असे आधी सांगावे. याउलट, सर्वत्र मिळणाऱ्या वॅफलमध्ये अंडे असतेच, आणि भाजीचे म्हणून दिलेले सूप मांसाच्या रसात केलेले असू शकते. ‘व्हेगेतार’ एवढेच म्हणून थांबू नका, कारण त्या शब्दात अंडे बसते. अंडे, मासे आणि मांस यांतले काहीही नको, असे तिन्ही शब्द उच्चारून सांगावे. लोक नीट ऐकतात आणि स्वयंपाकघरात जाऊन विचारूनही येतात. शहराच्या मध्यभागी भारतीय उपाहारगृहे आहेत, त्यामुळे एखाद्या संध्याकाळी त्यांना वरण-भाताच्या जवळ जाणारे काही मिळेल.

आता मासळीविषयी, कारण रत्नागिरीकरांना ते सांगताना मलाच आनंद होतो. सालासकट उकडलेल्या कोळंबीची पिशवी घ्यावी, पांढरा पाव, लिंबू आणि मेयोनेझ घ्यावे आणि बंदरावर बसून एकेक सोलत खावे. उन्हाळ्यातला हा इथल्या लोकांचा आवडता बेत आहे. कोळंबी गार असते आणि चवीला किंचित गोड असते. मसाला नसल्याची खंत पहिल्या पाच मिनिटांत जाते. जूनमध्ये येथला ‘माक्रेल’ ताजा मिळतो. तो आपल्या बांगड्याचाच भाऊबंद, परंतु अधिक तेलकट. तो लोण्यात तळून, आंबट साय आणि काकडीच्या कोशिंबिरीबरोबर वाढतात. घरी स्वयंपाकघर असेल तर तिखट-मीठ आणि कोकम लावून नक्की करून पाहा. माशांचे दुधाळ सूप थंडीच्या संध्याकाळी चांगले लागते.

येरेनची ओळख मानला जाणारा पदार्थ म्हणजे ‘कोम्ले’, किसलेल्या बटाट्याचे उकडलेले गोळे, खारवलेले मेंढीचे मांस आणि कंदांच्या लगद्याबरोबर. तो या भागात परंपरेने गुरुवारी करतात, त्यामुळे साध्या खानावळीत गुरुवारी दुपारी गेलात तर तो मिळण्याची शक्यता अधिक. तो फार जड आहे. दोघांत एक ताट पुरते. मुलांना तो आवडेल याची खात्री मी देणार नाही.

या छोट्या शहरात ‘रे-ना’ हे उपाहारगृह आहे, ज्याला २०२४ साली उपाहारगृहांना दर्जा देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेचा तिसरा, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा, तारा मिळाला. ते आपल्या प्रवासाच्या खर्चात बसणारे नाही, पण येरेनची शेती आणि समोरचा समुद्र यांच्या मालावर इतक्या उंचीचा स्वयंपाक उभा राहिला आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तोच बटाटा, तीच कोळंबी आणि तीच स्ट्रॉबेरी आपल्याला बाजारात मिळते.

मांडवीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सासऱ्यांना हे सारे वाचून दाखवले. ‘किलंड’च्या दुर्घटनेची बातमी त्यांना आजही आठवते, नंतर त्यांच्या प्रशिक्षणात त्या अपघाताचा अभ्यास होता, असे ते म्हणाले. संग्रहालयासाठी आम्ही पूर्ण दिवस ठेवत आहोत. स्वयंपाकघर असलेले घर पाहिले आहे, आणि यॉसिंगफ्योर्डच्या दिवशी मोटार घेण्याचेही ठरले.

आता पोहण्याचा प्रश्न तेवढा उरला. आमच्याकडे समुद्रात उतरायचे तर आधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहतात. तिथेही तसेच करावे काय? आणि मोटार नसलेल्या दिवशी आगगाडीने कोणत्या पुळणीवर जाता येईल? आम्ही २३ जूनला तेथेच असू. त्या दिवशी किनाऱ्यावर होळ्या पेटवतात असे ऐकले, ते खरे आहे काय?

सोलाकाठ

आपला भरती-ओहोटीचा प्रश्न फार योग्य आहे, कारण कोकणातून येणाऱ्या माणसाची फसगत नेमकी इथे होते. रत्नागिरीला भरती-ओहोटीतला फरक मोठ्या भरतीच्या दिवशी दोन मीटरांहून अधिक असतो. येथे तो काही इंचांवर येतो, आणि एगरसुंडच्या आसपास तर जवळजवळ जाणवतच नाही, कारण उत्तर समुद्रातील भरतीची लाट ज्याभोवती फिरते पण जिथे पाणी फारसे चढत-उतरत नाही, असा एक स्थिर मध्यबिंदू त्या परिसरात येतो. त्यामुळे वेळापत्रक पाहून येथे काहीच कळत नाही. पाहायचा तो वारा आणि दूरवरून येणारा उसळता समुद्र. येरेनचा किनारा पश्चिमेला उघडा आहे, समोर एकही बेट आडवे नाही, आणि म्हणूनच बोरेच्या पुळणीवर लाटांवर फळी चालवणारे लोक वर्षभर दिसतात. त्याच कारणाने लाट परतताना पाण्याची ओढ फार जोराची असते आणि ती वरून दिसत नाही. वारा पडलेला असतानाही आदल्या दिवशीच्या वादळाची उसळ कायम असू शकते. दर पुळणीवर जीवरक्षक असेल असे गृहीत धरू नये. मुलीला गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ देऊ नका आणि लाटा फुटताना दिसत असतील तर तेवढेही नको. कधी ओढ लागलीच, तर किनाऱ्याकडे थेट झुंजत न येता आधी किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे, हे तिला घरीच शिकवून ठेवा. जूनमध्ये पाण्याचे तापमान १२ ते १४ अंश असते; ज्याला गरम पाण्याच्या समुद्राची सवय आहे त्याचा श्वास क्षणभर अडकतो, म्हणून एकदम उडी मारू नये.

तिला खरोखर पोहायचे असेल, तर त्यासाठी हाफर्सफ्योर्डच्या काठची मोलेबुक्ता ही जागा निवडावी. ती खाडीच्या आत आहे, पाणी उथळ आणि शांत आहे, आणि शहरातून बस जाते. तेथेच खडकात रोवलेल्या तीन प्रचंड कांस्य तलवारी आहेत, सुमारे दहा मीटर उंचीच्या. इ. स. ८७२ च्या सुमारास या खाडीत हाराल्ड राजाने लढाई जिंकून नॉर्वे एक केला असे परंपरा सांगते. शिल्पकार फ्रिट्झ रोएड यांचे हे स्मारक १९८३ साली उभे राहिले. मोठी तलवार विजेत्याची, दोन लहान पराभूतांच्या, आणि त्या पुन्हा उपसता येऊ नयेत म्हणून कातळात रोवलेल्या आहेत. सासऱ्यांना तेथे बाकावर बसून सारे पाहता येईल.

उघड्या पुळणी या चालण्यासाठी आणि बसण्यासाठी आहेत, आणि त्या कामी त्यांना तोड नाही. सोलाची पुळण सव्वादोन किलोमीटरांच्या आसपास असून विमानतळाला लागूनच आहे. ओरेची पुळण याहून बरीच लांब आहे. तिच्या मागे वाळूच्या टेकड्या आहेत आणि त्यांवरचे उंच गवत वाळू धरून ठेवते, म्हणून त्यावरून चालू नये, आखलेल्या वाटेनेच जावे. १९७७ पासून हा सारा किनारा संरक्षित आहे. पक्ष्यांची घरटी वाळूतच असतात, त्यामुळे सूचनाफलक वाचूनच पुढे जावे. ओरेच्या पुळणीवर जेमतेम दीडशे पावले जाऊन मी शेकडो पाहुण्यांना थांबलेले पाहिले आहे. थोडे पुढे चालत गेल्यास मागे वळून पाहताना माणूस दिसत नाही, एवढी ती मोकळी आहे.

आगगाडीने जायचे असेल तर ब्रुसान्ड किंवा ओग्ना. १८७८ साली सुरू झालेला हा मार्ग स्टाव्हांगरहून एगरसुंडला जातो, बसचेच तिकीट त्यावर चालते आणि पाऊण तासाच्या आसपास ब्रुसान्डला उतरता येते. तेथून पुळण चालत जाण्याजोगी आहे आणि वाट सपाट आहे, त्यामुळे सासरे आणि सासूबाई दोघेही येऊ शकतील. वारा अडवणारे एखादे जाकीट मात्र प्रत्येकाच्या पिशवीत असू द्यावे, जूनमध्येसुद्धा.

२३ जूनच्या होळ्यांची माहिती खरी आहे. संत योहान यांच्या सणाची ती पूर्वसंध्या असते, आणि अनेक गावांत लोक किनाऱ्यावर एकत्र येऊन मोठी आग पेटवतात. स्वतः आग लावण्याचा प्रयत्न करू नये, कारण १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात रानाजवळ उघड्यावर आग पेटवण्यावर निर्बंध असतात. गावाने ठरवलेल्या जागी जाऊन उभे राहावे. ती कोठे आहे हे आपल्या घरमालकांना एक-दोन दिवस आधी विचारले, तर ते आनंदाने सांगतील. रात्री दहा वाजताही उजेड असतो, त्यामुळे सासूबाईंना परतताना अंधाराची काळजी नको. जाताना सतरंजी, थर्मासमध्ये चहा आणि सोललेल्या शेंगा न्या.

आणि आगगाडीत बसताना, स्टाव्हांगरहून निघाल्यावर उजव्या हाताची खिडकी धरा. ब्रुसान्डच्या अलीकडून ओग्नापर्यंत समुद्र त्याच बाजूला आहे, आणि सासऱ्यांना तो बसल्या जागेवरून दिसेल.